सोळाच्या जागी बत्तीस

डोक्याला शाम्पू लावला रे लावला की आमच्याकडे लाईट जायची. सगळ्या घराची नाही, फक्त बेडरूम आणि बाथरूमची. गीझर गप्प, एसी गप्प, आणि बाहेरून बायकोची हाक : ‘‘अरे, पुन्हा पडला!’’

पडला म्हणजे एमसीबी. दारामागच्या त्या पांढऱ्या डब्यातला, ओळीतला तिसरा. मी टॉवेल गुंडाळून, फेस गाळत जायचो आणि तो वर करायचो. पुण्यातला एप्रिल, रात्रभर चाललेला एसी सकाळी साडेसातलाही बंद करवत नाही. त्यात माझी आंघोळ आणि तिची इस्त्री एकाच वेळी, कारण दोघांची कॅब आठ दहाला. रोज तीच स्टोरी. गंमत म्हणजे तो लगेच पडायचा नाही. कधी पंधरा मिनिटांनी, कधी पंचवीस. एखाद्या दिवशी पडायचाच नाही. त्यामुळे आमची खात्री झाली की एमसीबीच खराब आहे.

शेवटी एका शनिवारी वायरमन काका आले. साठीच्या आसपासचे, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्यांनी डबा पाहिला, बेडरूमचा बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘‘एमसीबी चांगला आहे साहेब. तो त्याचं काम करतोय. एसी, गीझर आणि हा पॉइंट, तिन्ही एकाच अडीचच्या वायरवर लूप केलेत. एसीला डीबीपासून वेगळी चारची वायर ओढावी लागेल. साडेसहा हजार.’’

साडेसहा हजार! भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्याच्या भिंतीत! मी मनात म्हटलं, काका गंडवतायत. आपण ऑफिसवाले ना, आपल्याला कोणीही काही सांगावं. ‘‘काका, वायरचं राहू द्या. एमसीबीच मोठा टाका ना,’’ मी म्हणालो. ते नाही म्हणाले. वाद घातला नाही, व्हिजिटचे शंभर रुपये घेतले आणि गेले.

संध्याकाळी दुसरा आला. पंचविशीतला पोरगा, बाईकवर, कानात हेडफोन. ‘‘बत्तीसचा टाकतो ना सर, पुन्हा पडणारच नाही,’’ म्हणाला. दहा मिनिटं, साडेचारशे रुपये, विषय खल्लास. मी इतका खूश झालो की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा नंबर टाकला. खाली लिहिलं, ‘एकदम प्रॉम्प्ट आणि रीझनेबल’. सहा अंगठे आले.

आणि खरंच, एमसीबी पडायचा थांबला. शाम्पू, कंडिशनर, सगळं निवांत. पडत नाही म्हटल्यावर आपली भीड चेपते. बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये त्याच लाइनवरचा एक १६ अँपिअरचा सॉकेट होता. तिथे ओव्हन ठेवला.

मेमधल्या एका रविवारी ओव्हनमध्ये केक, बाथरूममध्ये गीझर, बेडरूममध्ये एसी, आणि आठवडाभराच्या शर्टांची इस्त्री. वास आधी बायकोला आला. मला वाटलं केक करपला. पण तो वास खाण्याचा नव्हता, जळक्या प्लास्टिकचा होता, आणि ओव्हनकडून नाही, भिंतीकडून येत होता. बोर्डवर तळहात ठेवला तर चटका बसला. पांढरी प्लेट एका कोपऱ्यात पिवळी पडलेली. ती कधीपासून पिवळी होती, कोणास ठाऊक. कपाटाच्या दारामागे कोण बघतं? बायकोने धावत जाऊन मेन बंद केला. आणि त्या सगळ्या गोंधळात तो बत्तीसचा एमसीबी? वरच्या वर, ऐटीत उभा होता.

काकांना पुन्हा फोन केला. लाज वाटली, पण केला. ते आले, बोर्ड उघडला आणि आतली वायर बोटाने वाकवली. तिचं प्लास्टिक जळक्या पापडासारखं मोडून हातात आलं. आतलं तांबं काळं. मग त्यांनी जे एक वाक्य सांगितलं, ते मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं (मी कॉम्प्युटरचा, हे कबूल). म्हणाले, ‘‘एमसीबी तुमच्या एसीसाठी नसतो साहेब. भिंतीतल्या वायरसाठी असतो.’’

आपल्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. मशिन मोठं आलं की एमसीबी मोठा. पण वायर तीच असेल तर एमसीबी मोठा करणं म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर तापतोय असा अलर्ट सारखा येतो म्हणून सर्व्हर न बघता अलर्टची मर्यादाच वाढवून टाकणं. इनबॉक्स शांत, सर्व्हर राख.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांचं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलेलं. तिथे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते. फ्यूज उडाला की बारीक तार नवीन बांधायची, आणि सारखा उडायला लागला की कोणीतरी शहाणा दोन-चार पदर पिळून जाड तार बांधायचा. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘म्हणजे तू फ्यूजमध्ये खिळाच घातलास की रे!’’ अगदी तेच. फक्त माझा खिळा आयएसआय मार्कचा होता.

आता थोडा हिशेब करू. कंटाळू नका, दहावीपलीकडचं काही नाही. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. दोन हजार वॅटचा गीझर म्हणजे ८.७. हजार वॅटची इस्त्री, ४.३. दीड टनाचा एसी साधारण ८. बेरीज २१. दीड हजार वॅटचा ओव्हन लावला की आणखी साडेसहा, म्हणजे साडेसत्तावीस.

वायर किती झेपवते? पाइपातून भिंतीत गेलेल्या अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या पीव्हीसी वायरला आयईसीच्या तक्त्यात २४ अँपिअर दिलेत. वाचून वाटतं, वा, मग काय हरकत आहे! पण तो आकडा आहे बाहेर ३० अंश तापमान धरून. आपल्याकडे उन्हाळ्यात ४० धरायचं, की तो २१ वर येतो. त्याच पाइपात दुसऱ्या सर्किटच्या वायरी असतील तर आणखी वीस टक्के कापा, कारण त्या एकमेकींना तापवतात. उरले जेमतेम १७. आणि आमच्या डब्यात आधी किती अँपिअरचा एमसीबी होता? १६ चा. ज्याने कोणी तो बसवला होता, त्याला त्याचं काम कळत होतं. लूप मारणारा मात्र दुसराच कोणीतरी असणार!

हे आकडे कापण्याचं कारण पीव्हीसी. साध्या पीव्हीसीच्या आतली तार ७० अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते. वर गेली की प्लास्टिक आधी मऊ पडतं, मग कडक होतं, मग तडकतं. आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. आमचे साडेसत्तावीस अँपिअर म्हणजे सतराच्या दीडपटीहून थोडे जास्त, पण उष्णता अडीचपटीच्या वर! मग इतके दिवस काही झालं कसं नाही? कारण गीझर वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधेमधे कट होते, एसीचा कॉम्प्रेसर थांबतो. वायरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. म्हणून हा गुन्हा महिनोन्‌महिने पचतो.

आता तो पंधरा मिनिटांनी का पडायचा, याचं उत्तर. एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. १९२४ साली जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झने पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. एक कॉइल, ती शॉर्टसर्किट झालं की क्षणात खटका ओढते. आणि एक दोन धातूंची जोडपट्टी, ती ओव्हरलोडने हळूहळू तापते, वाकते आणि मग खटका सोडते. ही पट्टी मुद्दाम सावकाश केलेली आहे, कारण वायरही सावकाश तापते. नियम असा की, एमसीबीवरच्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर वाहिला तरी त्याने पडायचं नाही, आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडायचंच. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअरला पडत नाही आणि २३ ला नक्की पडतो. आमचे २१ बरोबर मधे. म्हणून कधी पंधरा मिनिटं, कधी पंचवीस, कधी काहीच नाही. तो खराब नव्हता हो, तो विचार करत होता.

हेच गणित बत्तीसला लावा. ३६ अँपिअर तासभर वाहिला तरी तो हलणार नाही. ४६ अँपिअर झाले तर तासाच्या आत पडेल. तासाच्या आत! तोवर आमच्या सतरावाल्या वायरचं काय? ३६ ला तिच्यात साडेचारपट उष्णता. एमसीबी नुसता बघत बसणार, कारण त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे.

काकांनी मला जोड्या सांगितल्या, त्या मी फ्रिजवर लावल्यात. लाईट-पंख्याला दीडची वायर, त्यावर ६ किंवा फार तर १० चा एमसीबी. साध्या पॉवर पॉइंटला अडीचची, त्यावर १६ चा. एसी आणि मोठ्या गीझरला प्रत्येकी स्वतंत्र चारची वायर, त्यावर २० चा. सहाची वायर असेल आणि पाइपात गर्दी नसेल, तर कुठे बत्तीसचा विचार करायचा. वायर लागते त्यापेक्षा जाड चालते, एमसीबी लागतो त्यापेक्षा मोठा चालत नाही. आणि जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर वायर तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची हे आधी बघून घ्या. ॲल्युमिनियम त्याच जाडीत कमी करंट झेपवतं, तिथे हे आकडे लागू नाहीत.

एमसीबीवर आकड्याआधी एक अक्षर असतं, बी किंवा सी. ते शॉर्टसर्किटच्या कॉइलचं. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, तेवढ्याने खटका पडू नये म्हणून तिथे सी घेतात. पण ‘सी’ घेतला म्हणून वायर जास्त झेपवत नाही. सी सोळा म्हणजे वायरच्या दृष्टीने सोळाच.

वायर किती जाडीची हे कसं कळणार? वायरवरच ठरावीक अंतराने छापलेलं असतं. पण ते बघायला बोर्ड उघडावा लागतो आणि तो तुम्ही उघडायचा नाही! इथे मी थोडा बाबांसारखा बोलणार आहे, सहन करा. वायरिंगचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं असा नियम आहे, आणि तो का आहे ते मी त्या सोमवारी सुट्टी टाकून प्रत्यक्ष पाहिलं.

काकांनी आधी मेन बंद केला. मग विचारलं, ‘‘इन्व्हर्टर आहे?’’ आहे ना, वर्क फ्रॉम होमच्या काळात घेतला. ‘‘मग मेन बंद करून काय उपयोग?’’ हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीत बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. पंखा, ट्यूब, वायफायचा पॉइंट, सगळं जिवंत! माझ्यासारखा माणूस मेन पाडून खुशाल स्क्रूड्रायव्हर घालेल आणि बॅटरीचे २३० व्होल्ट खाईल. त्यांनी इन्व्हर्टर बंद केला, त्याची पिनही काढली. नंतर मेनच्या खटक्यावर चिकटपट्टी लावून कागद डकवला, ‘काम चालू, हात लावू नये’, आणि बायकोला तोंडानेही सांगितलं. लाईट का गेली म्हणून घरातलंच कोणीतरी प्रेमाने खटका वर करतं, असं म्हणाले.

मग टेस्टर. त्यांनी तो आधी शेजाऱ्यांच्या चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का पाहिलं, मग आमच्या बंद पॉइंटवर लावला, मग पुन्हा शेजाऱ्यांकडे. ‘‘टेस्टर पेटला नाही याचा अर्थ करंट नाही असा होतो, किंवा टेस्टर मेलाय असा.’’ त्यानंतरही मीटर लावून खात्री केली. पायात रबरी चपला, अंगठी काढून खिशात. आणि एक गोष्ट दाखवली, ती लक्षात ठेवा. मेनचा खटका खाली असला तरी त्याच्या ज्या बाजूला मीटरकडून वायर येते, ते स्क्रू जिवंतच असतात. डीबीचं झाकण उघडलं की त्या आत दिसतात, इंचभर अंतरावर. म्हणून ते झाकण आपल्यासाठी नाही.

आणखी एक सापळा आमच्याच बाथरूममध्ये निघाला. तिथल्या बल्बचा स्विच न्यूट्रलवर बसवलेला होता. म्हणजे बटण बंद, बल्ब बंद, पण होल्डरमध्ये फेज हजर. मी वर्षभर बटण बंद करून, ओल्या पायांनी तिथला बल्ब बदलत होतो. आता बल्ब बदलायचा तरी आधी त्या लाइनचा एमसीबी खाली करतो. बायको हसते. हसू दे.

मग आपण काय करायचं? एमसीबी पडला तर लोड कमी करून एकदा वर करायचा. लगेच पडला तर तो शॉर्टसर्किट सांगतोय, हात आवरायचा. खटका बोटाने दाबून धरण्यात अर्थ नाही, वर धरला तरी तो आतून सुटतोच, अशीच त्याची रचना असते. डबा बंद ठेवूनच एमसीबीवरचे आकडे वाचायचे. सॉकेटची प्लेट गरम लागते का, पिवळी पडलीये का बघायचं. हे बघणं मोठ्या कामाचं आहे, कारण सॉकेटमधला स्क्रू ढिला असेल तर तिथे तापून काळं होतं आणि करंट मात्र वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला पत्ताही लागत नाही, सोळाचा असो की बत्तीसचा. बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड १६ च्या सॉकेटला लावून त्यावर इंडक्शन चालवणाऱ्यांनीही इथे जरा खाली मान घालावी.

आणि शॉक? एमसीबी शॉकपासून वाचवतो असं मला कालपरवापर्यंत वाटायचं. माणसाचं हृदय बंद पाडायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, सोळाच्या एमसीबीला तो गुदगुली म्हणूनही जाणवणार नाही. ते काम आरसीसीबीचं, ३० मिलिअँपिअरवाल्या. आमच्या डब्यात तो होता. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर घरातली लाईट गेली पाहिजे. आम्ही ते पहिल्यांदा दाबलं आणि गेली. देवाची कृपा!

काम दुपारी साडेतीनला संपलं. एसीला डीबीपासून नवी चारची वायर आणि स्वतःचा २० चा एमसीबी. जळालेला तुकडा बदलला. ओव्हनचा पॉइंट किचनच्या लाइनला गेला. जुन्या लाइनवर उरले गीझर आणि इस्त्री, तेरा अँपिअर, आणि वर पुन्हा सोळाचा एमसीबी. बिल झालं साडेआठ हजार. मूळच्या साडेसहाला मी दोन हजारांचं व्याज भरलं. मालकांना फोटो पाठवले. त्यांचं पहिलं उत्तर, ‘‘एसी तुमचा आहे ना?’’ मी लिहिलं, भिंत तुमची आहे. अर्ध्यावर तडजोड झाली, पुढच्या भाड्यातून वजा.

एक काम मात्र राहिलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुप. वर स्क्रोल करून पाहिलं तर माझ्या त्या पोस्टखाली, अंगठ्यांच्या खाली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज होता : ‘थँक्यू, आमच्याकडेही येऊन गेला, छान काम केलं.’ सातव्या मजल्यावरून एक : ‘सेम प्रॉब्लेम, सॉल्व्ह्‌ड!’ बिल्डर एक, प्लॅन एक, वायरिंग करणारा ठेकेदारही बहुधा एकच.

दोन तास काय लिहावं ते सुचेना. मग लिहिलं : ‘मी ज्याचा नंबर दिला होता त्याने आमच्याकडे १६ च्या जागी ३२ चा एमसीबी टाकला होता, माझ्या सांगण्यावरून. भिंतीतली वायर जळाली. कृपया आज डबा बघा. सी ३२ दिसला तर एसी आणि गीझर एकत्र लावू नका. चांगल्या वायरमनचा नंबर खाली देतोय.’

सातव्या मजल्याचा फोन पाच मिनिटांत आला. त्यांच्याकडे पंचवीसचा होता. तिसऱ्या मजल्यावर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून येताना लिफ्ट तिसऱ्यालाच थांबवली आणि बेल दाबली. काकू म्हणाल्या, ‘‘अरे, वाचलं मी, पण ते सी बी काही कळलं नाही. ये, तूच बघ.’’ दारामागे तसाच पांढरा डबा, ओळीतला तिसरा. मोबाईलचा टॉर्च लावला. सी ३२.

‘‘काकू, गीझर चालू आहे का आत्ता?’’

‘‘हो, हे आत्ताच आंघोळीला गेलेत. का रे?’’